दिवसा वीज, पण कुणाच्या भरवशावर?

कोल्हापुरात एखाद्या घरी छपरावर सोलर बसवायची बोलणी सुरू झाली की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न बिलाबद्दल नसतो. ते विचारतात, "लाईट गेल्यावर हे चालणार का?" विकणारा बहुतेक वेळा मोघम मान डोलावतो आणि बोलणं अनुदानाकडे वळवतो. खरं उत्तर असं आहे की चालणार नाही. घरगुती अनुदान घेऊन बसणारी बहुतेक संयंत्रं बॅटरीशिवायची, ऑन-ग्रिड म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेली असतात. त्यातला इन्व्हर्टर महावितरणच्या तारेतल्या विजेचा दाब आणि वारंवारिता पाहतो आणि आपली वीज तिच्याशी जुळवून आत सोडतो. तार मेली की जुळवायला काही उरत नाही, म्हणून तो बंद पडतो. तसं बंद पडणं नियमानेही सक्तीचं आहे, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला एखाद्या छपरावरून उलटी वीज आली तर त्याचा जीव जाईल. त्यामुळे लख्ख उन्हात, प्लेटा तापलेल्या असतानाही घरातला पंखा थांबतो.

ज्या शहराने २०१९ आणि २०२१ अशी दोनदा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेलेली पाहिली, तिथल्या माणसाने हा प्रश्न विचारणं अगदी स्वाभाविक आहे. बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांचा आणि धोका ४३ फुटांचा. त्याच्याही वर पाणी चढलं तेव्हा उपकेंद्रं पाण्यात गेली, डीपी बुडाले आणि मोबाईल चार्ज करायला माणसं जनरेटर शोधत फिरली. तरीही 'अपारंपरिक ऊर्जेबद्दल लोकांची मानसिकता' हा विषय निघाला की हा प्रश्न अज्ञानाच्या खात्यात टाकला जातो आणि त्यावर जनजागृतीचा उपाय सुचवला जातो. रथ फिरवायचा, पत्रकं वाटायची, शाळेत चित्रकला स्पर्धा घ्यायची. माझं म्हणणं याच्या उलट आहे. या जिल्ह्यात सौर, वारा, पाणी आणि शेण यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेबद्दल जी कुरकुर ऐकू येते ती नीट ऐकली, तर यंत्रणेत नेमकं काय चुकतंय ते तिच्यातच सापडतं. लोक इथे भरवसा मोजतात, आणि तो मोजण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

हा अनुभव आजचा नाही. भोगावतीवर राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि पुढे त्याच पाण्यावर वीजही तयार होऊ लागली. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाची जागा छपरावरच्या सोलर बंबाने घेतली, तेव्हा कुणाला रथ फिरवावा लागला नव्हता. पावसाळ्यात पाणी कोमट येतं हे लोकांना पहिल्याच वर्षी कळलं. तरी कुणी फसवणूक झाली म्हणालं नाही, कारण शेजारी गॅस किंवा विजेचा गिझर होता आणि बंब काय करतो, काय करत नाही हे उघड दिसत होतं. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात आणि दोन-तीन वर्षांतून एकदा टाकी व नळ्या साफ कराव्या लागतात, हेही गल्लीतला प्लंबर सांगू शकतो. एखादं तंत्र रुजतं ते असंच.

गोबरगॅसची कहाणी आणखी बोलकी आहे, कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही शेजारीशेजारी बघायला मिळतात. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे दावणीला तीन-चार मोठी जनावरं हवीत. शेणाइतकंच पाणी मिसळायचं. त्यावर चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो आणि बाहेर पडणारी मळी उसाला जाते. ज्या घरातून दूध संघाला रोज दूध जात होतं, जिथे दारात पाणी होतं आणि संयंत्र बांधणारा गवंडी गावातलाच होता, तिथे ही चूल वर्षानुवर्षं पेटत राहिली. खादी आयोगाच्या नमुन्याची लोखंडी टोपी वेळेवर रंगवली नाही की गंजून गळायची. १९८४ च्या दीनबंधू नमुन्यात विटांचा घुमट आला आणि लोखंड गेलं, पण आतल्या गिलाव्याला केसाएवढी भेग पडली तरी गॅस धरत नाही, ही नवी अडचण आली. आणि कित्येक संयंत्रं तर याहून साध्या कारणाने सुटली. गॅसबरोबर येणारी वाफ नळीत थंड होते आणि नळीच्या खोलगट भागात पाणी साचतं. ज्योत आधी थरथरते, मग विझते. ते पाणी सोडायला एक छोटी तोटी असते, फक्त ती घरातल्या बाईला कुणी दाखवलेली नसते. अनुदानाचा फलक लावून, फोटो काढून माणसं निघून गेलेली असतात. पुढे अहवालात लिहिलं जातं की लोकांनी गोबरगॅस नाकारला.

छपरावरच्या सोलरचंही आज तसंच होऊ लागलंय, म्हणून त्याचे आकडे नीट मांडायला हवेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये आणि त्यापुढे कितीही मोठं बसवलं तरी एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतं. प्लेटांमधले सेल भारतीय बनावटीचे असावे लागतात. तीन किलोवॉटला ५४० वॉटच्या सहा प्लेटा, म्हणजे साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते. वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॉट दिवसाला चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॉटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट झाले. दरमहा ३०० युनिट जाळणाऱ्या घराचे पैसे चार-पाच वर्षांत सुटतात. पण ज्याचं बिल ९० युनिटांचं आहे त्याने का बसवावं? घरगुती दरात १०० युनिटांच्या आतला टप्पा स्वस्त आहे आणि त्याच्या वर दर जवळजवळ दुप्पट होतो. सोलर वाचवतं ते मुख्यतः त्या वरच्या, महाग टप्प्यातले पैसे. त्यामुळे कसबा बावड्यातल्या छोट्या घराने 'आम्हाला परवडत नाही' म्हटलं, तर त्यात मागासलेपण कुठलं? ते अचूक गणित आहे. अशा घरांचं बिल कमी करायचं असेल तर तालमीच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या सामाईक छपरावर मोठं संयंत्र बसवून त्याचे युनिट घरांच्या बिलांत वाटून देण्याची पद्धत सोपी करायला हवी.

'शून्य बिल' या शब्दाने तर फार नुकसान केलंय. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. नेट मीटरवर आलेले आणि पाठवलेले युनिट वेगळे दिसतात. उरलेले पुढच्या महिन्यात जमा होतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो. तेव्हा शिल्लक युनिटांना मिळणारा दर आपण विकत घेतो त्या दरापेक्षा खूप कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं संयंत्र बसवून वीज विकून कमाई करण्याचा सल्ला चुकीचा आहे. हे विकताना सांगितलं, तर एप्रिलचं बिल हातात घेऊन कुणी तणतणत येणार नाही.

आता कामातल्या चुका. सगळ्यांत जास्त तक्रार असते ती छत गळण्याची. स्लॅबमध्ये भोकं पाडून पाय ठोकले की जुन्या वॉटरप्रूफिंगचं काम तिथेच संपतं आणि पहिल्या आडव्या पावसात खोलीत ओल उतरते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय धरले तर भोकं पाडावी लागत नाहीत, मात्र वाऱ्याला पुरेल इतकं वजन त्या ठोकळ्यांत हवं. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या कौलारू घरांवर तर थेट प्लेटा ठेवूच नयेत. एका प्लेटेचं वजन २७-२८ किलो असतं आणि जुने वासे त्यासाठी नसतात. तिथे अंगणात किंवा गोठ्याच्या बाजूला वेगळा सांगाडा उभा करणं बरं. दुसरी चूक सावलीची. प्लेटा एका माळेत जोडलेल्या असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी त्या प्लेटेचा तिसरा हिस्सा बाद होतो आणि माळेचा दाब घसरतो. तिसरी चूक अर्थिंगची. प्लेटांच्या बाजूचं, इन्व्हर्टरच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं अशी तीन वेगळी अर्थिंग हवीत. खर्च वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात उतरवली, तर वळवाच्या पहिल्या गडगडाटात इन्व्हर्टर जळण्याची भीती असते. चौथी गोष्ट घरमालकाच्या हातात नसते. लांबच्या डीपीवरच्या शेवटच्या घरात दुपारी वापर कमी असला की दाब आधीच चढा असू शकतो. त्यात चार-पाच छपरांनी वीज आत ढकलली की तो २५० व्होल्टच्या वर जातो आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. मालकाला वाटतं यंत्र खराब आहे. खरा उपाय जाड तार, डीपीचा टॅप खाली घेणं आणि छपरं तिन्ही फेजवर सारखी वाटणं हा आहे, आणि ते काम वीज कंपनीचं आहे.

कोल्हापूरची म्हणून एक खास अडचण आहे, ती इथल्या प्रत्येक गच्चीला ठाऊक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत काजळी पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते ती प्लेटांवरही पडते, आणि गुऱ्हाळघराजवळ असाल तर जास्तच. कोरड्या फडक्याने पुसली तर ती काचेवर फासली जाते. सकाळी लवकर, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायची. बोअरचं जड पाणी वापरून तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग राहतात. हंगामात दर आठ-दहा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून दोनदा धुतलं की पुरतं. नेमकी थंडी-उन्हाळ्याची स्वच्छ आकाशाची कमाई या काजळीत जाते, आणि पावसाळ्यात फुकट धुतलं जातं तेव्हा ऊन नसतं. जुलै-ऑगस्टच्या गच्च दिवशी तीन किलोवॉटमधून बारा युनिटांच्या जागी तीन-चार युनिट हाती लागतात. शिरोळ-हातकणंगल्याचं वर्षाचं उत्पादन आणि गगनबावड्याचं उत्पादन एका मापाने मोजता येत नाही, हे पश्चिमेकडच्या गावांना आधीच सांगायला हवं.

याच कारखान्यांची दुसरी बाजूही पाहावी. एक टन ऊस गाळला की त्यातला जवळजवळ तीस टक्के भाग ओला बगॅस, म्हणजे चोथा, म्हणून उरतो, तोच बॉयलरमध्ये जळतो आणि टर्बाईन फिरवून ग्रिडला वीज देतो. जिल्ह्यातल्या अपारंपरिक ऊर्जेचा हा मोठा वाटा आहे. काजळीबद्दल लोक भांडतात, धुराड्यावरचं गाळणयंत्र नीट चालवा म्हणतात आणि ते रास्तच आहे. पण सहवीज प्रकल्पच नको, असं सहसा कुणी म्हणत नाही. सभासदाला ठाऊक असतं की ऊस माझा, शेअर माझा आणि सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारायचा हक्कही माझा. पुढे शेतीकडे वळताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

शेतीपंपाच्या विजेची मागणी इथे जुनी आहे: दिवसा द्या. तीन फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीच्या पाळीला उसाच्या फडात पाणी फिरवणारा माणूस साप, विंचू आणि डोंगराकडे गवा, डुक्कर यांच्यामधून चालत असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच मागणीसाठी राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात बैठक मारली होती. दिवसा स्वस्त वीज देणारं सौर हे या मागणीचं सर्वांत सरळ उत्तर आहे. तरीही 'मागेल त्याला सौर कृषी पंप' म्हटलं की नदीकाठचा शेतकरी अंग काढून घेतो. का?

योजना कागदावर उदार आहे. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ चा आणि त्याच्या वर साडेसातचा पंप. पाच वर्षांची देखभालही त्यात आहे. विहिरीवरच्या, दोन-तीन एकरांच्या, ठिबकवर भाजी किंवा सोयाबीन-भुईमूग घेणाऱ्या रानाला तो छान बसतो. गडहिंग्लज-चंदगडच्या माळाकडे अशी रानं भरपूर आहेत. पण पंचगंगा, दूधगंगा, वारणेच्या काठचं पाणी वेगळ्या रीतीने उचललं जातं. नदीत जॅकवेल म्हणजे पाणी ओढायची विहीर, काठावर मोटारी आणि तिथून दोन-तीन किलोमीटर पाईपलाईनने पाणी चढावर. बरंच पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या मोठ्या मोटारी उचलतात, आणि तिथे साडेसात अश्वशक्तीला कुणी विचारत नाही.

"सोलरला दम नाही" हे वाक्य या पट्ट्यात सगळीकडे ऐकू येतं, आणि भौतिकशास्त्र शेतकऱ्याच्या बाजूने आहे. ढग आला की कंट्रोलर मोटारीचे फेरे कमी करतो. पाण्याचं प्रमाण फेऱ्यांच्या हिशेबात कमी होतं, पण पाणी वर ढकलायची ताकद फेऱ्यांच्या वर्गाने घसरते. पूर्ण वेगात, तोंड बंद असताना ५५ मीटरचा दाब देणारा पंप ७० टक्के वेगात फक्त २७ मीटरचा दाब देतो. रान नदीपासून ४० मीटर उंच असेल तर त्या घटकेला शेतात एक थेंब पोचत नाही. मोटार मात्र फिरत राहते आणि पाणी पंपातच घुसळलं जाऊन तापतं. विहिरीतून दहा मीटर वर उचलणाऱ्याला ढगात पाणी कमी मिळतं, एवढाच फरक जाणवतो. नदीवरून चाळीस मीटर चढवणाऱ्याला ते मिळतच नाही. दोघांना एकच पंप देऊन एकाची तारीफ छापायची आणि दुसऱ्याला मागासलेला ठरवायचं, हा अन्याय आहे.

त्यात पूर. पाणी चढू लागलं की काठावरची माणसं रात्रीतून मोटारी सोडवून ट्रॅक्टरवर घालून वर आणतात. स्टार्टरची पेटीसुद्धा काढतात. जमिनीत पाय रोवलेल्या पाच किलोवॉटच्या प्लेटा आणि सांगाडा कसा काढणार? पूररेषेच्या आत प्लेटा बसवायच्याच नाहीत असं ठरवलं, तर केबल इतकी लांबते की वाटेतच दाब गळतो. त्यावर जुलै २०२४ च्या निर्णयाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत झाली. मग बिल नसलेलं विजेचं कनेक्शन सोडून शेतकरी सोलर का घेईल? एकदा सोलर घेतलं की विजेची जोडणी पुन्हा मिळणार नाही, ही भीतीही बांधावर बोलली जाते. सरकारचा एक हात ज्या दिशेला ढकलतो त्याच्या उलट दुसरा हात ओढतो आणि मधे उभ्या माणसाची मानसिकता तपासली जाते.

या पट्ट्यासाठी योग्य वाट फीडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनीच, सौर करण्याची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचं संयंत्र उभं राहतं आणि त्याची वीज त्या उपकेंद्राच्या शेती वाहिन्यांवर जाते. मोटारीला ग्रिडची पूर्ण ४१५ व्होल्टची वीज मिळते, ढगाची तूट ग्रिड भरून काढतं आणि काठावर काहीही रोवावं लागत नाही. मोटार तीच, पाईपलाईन तीच, पाळी मात्र दिवसाची. नदीकाठी एकेक पंप वाटण्याचा हट्ट सोडून तो पैसा फीडरांकडे वळवावा.

तिथेही विरोध होतो, आणि तोही समजून घ्यायला हवा. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. बागायती रान कुणी देत नाही, म्हणून डोळा गायरानावर जातो. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, तर सरकारी जमीन नाममात्र भाड्याने जाते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये मिळतात, पण तीनच वर्षं. संयंत्र मात्र पंचवीस वर्षं उभं राहणार. ज्या गावात गायरानावर जनावरं चरतात, पोरं खेळतात आणि पुढच्या पिढीच्या घरकुलांची आशा आहे, त्या गावाने ग्रामसभेत 'तीन वर्षांनंतर आम्हाला काय?' असं विचारलं तर ते विकासाच्या आड आले असं कसं म्हणता? पंचवीस वर्षांच्या जागेला पंचवीस वर्षांचं भाडं, आणि तेही गावाच्या खात्यात, एवढी साधी दुरुस्ती झाली तर निम्मे ठराव बदलतील.

त्याहून पुढचं पाऊल म्हणजे संयंत्राची मालकीच पाणीपुरवठा संस्थेकडे देणं. २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेच्या पहिल्या घटकात शेतकरी, सहकारी संस्था आणि पंचायतींना ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटची संयंत्रं उभारून वीज विकायची मुभा दिली होती. सहकाराचं माहेर असलेल्या जिल्ह्यात यावर उड्या पडायला हव्या होत्या. त्या पडल्या नाहीत, याचं कारण हिशेबात आहे. एक मेगावॉटला साधारण ४ कोटी धरू. वर्षाला १५ लाख युनिट आणि युनिटला ३ रुपये दर, म्हणजे ४५ लाखांची आवक. संस्थेने ३० टक्के स्वतःचे घातले आणि २ कोटी ८० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं, तर वर्षाचा हप्ता साडेपंचेचाळीस लाख होतो. आवक हप्त्यालाच पुरत नाही. रखवालदार, धुलाई, विमा आणि जळालेला इन्व्हर्टर हे खिशातून. तेच कर्ज ८ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी मिळालं तर हप्ता पावणेतेहतीस लाखांवर येतो आणि देखभाल जाऊन हाती काही उरतं. सभासदांच्या मनात उत्साह आहे की नाही यापेक्षा जिल्हा बँक आणि सरकार मिळून मुदत पाच वर्षांनी वाढवतात की नाही, यावर हे ठरणार आहे. चालवण्याच्या कुवतीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचे आणि पावसाळ्यापूर्वी काढायचे, हे काम नदीकाठ वर्षानुवर्षं वेळेवर करत आलेला आहे. दिवस चुकला तर काय होतं हे इथे पोराबाळांना माहीत आहे.

मालकी आणि माहिती दोन्ही नसली की काय होतं, ते शेजारच्या साताऱ्या-सांगलीच्या पठारांवर दिसलं. पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पुढे दुष्काळ पडला आणि 'पात्यांनी ढग पळवले' अशी हाकाटी उठली. हा समज चुकीचाच होता. पावसाचं बाष्प कित्येक किलोमीटर जाडीच्या थरातून येतं, साठ-सत्तर मीटर उंचीच्या खांबावरच्या पात्यांनी ते हलत नाही. पण अफवा कुठे रुजते? जिथे माळाची जमीन किती मोलाची आहे हे विकणाऱ्याला आधी सांगितलेलं नसतं, आणि डोक्यावरून जाणाऱ्या तारेतली वीज आपल्या वस्तीवर उतरत नाही. ढगांचं बोलणं खोटं होतं, त्याखालची तक्रार खरी होती.

भुदरगडात पाटगावच्या पाण्यावर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा वेदगंगेच्या खोऱ्यात उठलेला विरोध मला याच कारणाने महत्त्वाचा वाटतो. उदंचन म्हणजे वर एक आणि खाली एक असे दोन तलाव. दुपारी सौरवीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज घ्यायची. शंभर युनिट घातले की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. रात्रीच्या विजेसाठी असा साठा लागणारच आहे, त्याला सरसकट विरोध करणं मला पटत नाही. तेच पाणी वर-खाली फिरतं हेही खरं. पण पहिल्यांदा तलाव भरायला किती पाणी लागेल, बाष्पीभवन आणि पाझराची तूट दरवर्षी कुठून भरणार, आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांत वेदगंगेच्या बंधाऱ्यांना आधी पाणी की तलावाला आधी? हे आकडे मराठीत, गावच्या चावडीवर, सहीशिक्क्यानिशी लावल्याशिवाय कुणाला संमती मागू नये.

उद्योगाबद्दल थोडंच सांगतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना सौरऊर्जा हवी आहे, पण त्यांची अडचण आकाराची आहे. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला ६०० युनिटांच्या आसपास वीज जाते. महिन्याला ५०० टन करणाऱ्या फौंड्रीला फक्त वितळवण्यासाठी वर्षाला ३६ लाख युनिट हवेत. म्हणजे अडीच हजार किलोवॉट आणि अडीच लाख चौरस फूट छप्पर. तेवढं शेड कुणाकडे आहे? बाहेर माळावर चार-पाच जणांनी मिळून संयंत्र उभारायचं तर नियमाप्रमाणे २६ टक्के भांडवल त्यांचं आणि किमान ५१ टक्के वापर त्यांचाच हवा. शिवाय ती वीज तारांवरून आणण्याचे, म्हणजे वहनाचे आकार वर्षागणिक बदलतात. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ ला वीजदरात सवलत होती म्हणून भट्ट्या रात्री चालायच्या. वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या आदेशांनी सवलतीचे तास सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे वळवले. रात्रपाळी दिवसावर आणणं कामगाराच्या तब्येतीला चांगलंच आहे, पण भट्टी, मोल्डिंग आणि माणसं यांची घडी बसवायला वेळ लागतो. पंचवीस वर्षांची गुंतवणूक मागायची तर दराची चौकट निदान दहा वर्षं हलवू नये.

आणि पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ, लाईट गेल्यावर काय? प्रत्येक घराला बॅटरी परवडणार नाही, त्याचा आग्रहही धरू नये. पण चिखली-आंबेवाडीची माणसं पुरात ज्या शाळांत आणि सभागृहांत येऊन राहतात, तिथे ती हवीच. पाच किलोवॉटच्या प्लेटा, तार मेली तरी बॅटरीवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि १० युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर तीस एलईडी दिवे रात्रभर चालायला ३ युनिट, कमी विजेचे दहा पंखे आठ तास चालायला अडीच, टाकी भरायला एक अश्वशक्तीची मोटार तासभर चालवायला पाऊण ते एक, औषधांच्या फ्रीजला सव्वा आणि चाळीस मोबाईलना अर्ध्याच्या थोडं वर, अशी बेरीज आठ-साडेआठ युनिटांवर येते. पुराच्या ढगाळ दिवसात प्लेटा पाच ते साडेसहा युनिट देतील, म्हणून पंखे आवरते घ्यावे लागतील. इन्व्हर्टर आणि बॅटरी वरच्या मजल्यावर, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या बऱ्याच वर हवी. तळमजल्यावरच्या जिन्याखाली ठेवली तर पहिल्याच रात्री ती पाण्यात जाईल. किल्ली शिपाई आणि गावातला एक वायरमन अशा दोघांकडे हवी, आणि दोघांची नावं भिंतीवर लिहिलेली असावीत. मे महिन्यात ज्या आठवड्यात बंधाऱ्याचे बरगे काढतात, त्याच आठवड्यात शाळेचा मुख्य स्विच पाडून एक रात्र सगळं बॅटरीवर चालवून पाहावं. गावाला बोलवावं, आणि पहाटे बॅटरीत किती उरलं तो आकडा फळ्यावर लिहावा.